काडी बाहेरची, सरपण घरचं

अमेरिकेच्या निवडणुकीतल्या परदेशी हस्तक्षेपाचा विषय निघाला की दोन टोकं हमखास भेटतात. एकाच्या मते २०१६ला राष्ट्राध्यक्ष रशियानेच निवडून आणला, दुसऱ्याच्या मते सगळं थोतांड. अमेरिकी सरकारी वकिलांनी या प्रकरणात दाखल केलेली आरोपपत्रं दोघांनीही वाचलेली नसतात. ती सार्वजनिक आहेत आणि कादंबरीपेक्षा वाचनीय आहेत.

२०१६ला दोन वेगळी कामं चालू होती. पहिलं रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचं, म्हणजे जीआरयूचं. मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना गूगलच्या नावाने बनावट इशारा गेला, पासवर्ड हाती लागला आणि ७ ऑक्टोबरपासून त्यांचे ईमेल विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या संकेतस्थळावर झळकू लागले. माल चोरीचा, पण खरा. दुसरं काम सेंट पीटर्सबर्गच्या ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’चं. तिथे पगारी माणसं अमेरिकन असल्याचं सोंग घेऊन लिहीत बसत. आरोपपत्रानुसार सप्टेंबर २०१६मध्ये या सगळ्या प्रकल्पाचं महिन्याचं बजेट साडेबारा लाख डॉलरच्या वर होतं. फेसबुक जाहिरातींवर मात्र दोन वर्षांत जेमतेम एक लाख डॉलर गेले. १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत मजकूर पोहोचला असं जे सांगतात, तो फेसबुकचाच अंदाज. पण त्याचा अर्थ इतकाच, की एवढ्या लोकांच्या फीडमध्ये दोन वर्षांत एखादी तरी पोस्ट येऊन गेली असावी. ती वाचली, पटली, मत बदललं, यातलं काहीही त्या आकड्यातून सिद्ध होत नाही.

खरा धडा टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. २१ मे २०१६ रोजी तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन गट समोरासमोर उभे ठाकले. एकाला ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पेजने इस्लामच्या विरोधात बोलावलं होतं, दुसऱ्याला ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ने त्याच्या बाजूने. दोन्ही पेजेस त्याच एजन्सीची. जाहिरातींचा खर्च साधारण २०० डॉलर. रस्त्यावर उतरलेली माणसं मात्र रशियन नव्हती, आणि त्यांचा राग कुणी आयात केलेला नव्हता.

२०२०मध्ये इराणने हेच जास्त उघडपणे केलं. २० ऑक्टोबरच्या सुमारास फ्लोरिडासह काही राज्यांतल्या डेमोक्रॅट मतदारांना ‘प्राउड बॉइज’ या उजव्या टोळीच्या नावाने ईमेल गेले : ट्रम्पना मत द्या, नाहीतर बघून घेऊ. सोबत मतदाराची खरी माहिती. लोक हादरले. पण फ्लोरिडाची मतदारयादी, पक्षनोंदणीसकट, मुळातच सार्वजनिक असते. धमकी द्यायला हॅकिंगची गरजच नव्हती. (त्याच इराण्यांनी दुसऱ्या एका राज्याच्या संकेतस्थळाच्या ढिसाळ मांडणीतून लाखाहून अधिक मतदारांची माहिती उचलली होती, ती गोष्ट निराळी.) सरकारने दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद घेऊन इराणचं नाव घेतलं आणि त्या खेळातली हवा गेली. वेळेवर, नाव घेऊन, थोडक्यात बोललं की काय होतं याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

पण पुढचं बघा. इराण्यांनी ज्यांचं सोंग घेतलं, ते अकरा आठवड्यांनी, ६ जानेवारी २०२१ रोजी, खरोखरच कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनावर, चालून गेले. ‘निवडणूक चोरली’ ही त्यांची समजूत ना मॉस्कोत शिजली ना तेहरानमध्ये. देशातल्याच मोठ्या नेत्यांनी आणि वाहिन्यांनी ती रोज वाढून दिली. म्हणून ‘परदेशी की देशी’ हा वाद मला पोकळ वाटतो. परदेशी यंत्रणा काही नवं पिकवत नाही, घरात जे आधीच बोललं जातंय त्याचाच आवाज वाढवते. आणि घरातल्या अफवांची जन्मवेळ आश्चर्य वाटावं इतकी ठरलेली असते : मतदान संपल्यापासून निकाल प्रमाणित होईपर्यंतचे दिवस, आणि त्यातही जिथे एखादी कंटाळवाणी तांत्रिक गोष्ट कुणी आधी समजावलेली नसते ती जागा.

पेनसिल्व्हेनिया घ्या. तिथल्या कायद्यानुसार टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. फ्लोरिडात ती आधीच उघडून तपासता येतात. परिणामी फ्लोरिडाचा निकाल रात्रीच लागतो आणि पेनसिल्व्हेनिया दिवसेंदिवस मोजत बसतं. २०२०मध्ये टपाली मतं जास्त करून डेमोक्रॅट मतदारांची होती, त्यामुळे आघाडी हळूहळू ट्रम्पकडून डेमोक्रॅट उमेदवार बायडेन यांच्याकडे सरकत गेली. विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकी शहर टपाली मतं एकाच केंद्रावर मोजून एकगठ्ठा जाहीर करतं. पहाटे सुमारे १ लाख ७० हजार मतं एकदम आली, आलेखाची रेघ ताडकन उभी राहिली, आणि त्या रेघेच्या चित्रावर पुढची कित्येक वर्षं निघाली. टपाली मतं रात्री उशिरा एकदम येतील हे अधिकारी आधीच सांगत होते, पण ते ऐकणारे थोडे आणि रेघ पाहणारे कोट्यवधी.

मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) चूक खरी होती. ऑक्टोबरमध्ये काही टाउनशिपच्या, म्हणजे काउंटीतल्या छोट्या विभागांच्या, मतपत्रिकेत स्थानिक लढतीमुळे बदल झाला. नवी मांडणी सगळ्याच मोजणी यंत्रांत भरायला हवी होती, ती काहींतच भरली गेली. काउंटीच्या संगणकात आकडे एकत्र करताना ते भलत्याच रकान्यांत गेले आणि रिपब्लिकन बालेकिल्ल्यात बायडेन पुढे दिसू लागले. कागदी मतपत्रिका शाबूत होत्या. आकडे लगेच दुरुस्त झाले आणि डिसेंबरमध्ये हाताने मोजल्यावर फरक निघाला १२ मतांचा. तरीही ‘यंत्राने मतं फिरवली’ ही कथा इथूनच देशभर गेली. वडाची साल पिंपळाला!

ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीची शाई तर ऐकण्यासारखी. २०२०मध्ये तिथे मतदारांना शार्पी ही मार्कर पेनं दिली, कारण ती शाई झटकन वाळते आणि यंत्राच्या काचेला लागत नाही. ती कागदाच्या मागे उमटते हे खरं. म्हणूनच मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंचे रकाने मुद्दाम थोडे सरकवून छापतात, म्हणजे मागे उमटलेला डाग मोजणीच्या गोलावर येत नाही. एवढं एक वाक्य आधी फलकावर लावलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या काही रात्री मोजणी केंद्राबाहेर बंदुका घेतलेले लोक उभे होते. २०२२मध्ये तिथेच प्रिंटर बिघडले. मतपत्रिका लांबून २० इंचांची झाली होती, कागद जाड होता, प्रिंटरना तो भार झेपला नाही आणि छपाई फिकी आली. ती मतं वेगळ्या पेटीत टाकून नंतर मध्यवर्ती केंद्रात मोजली गेली, पण ‘ती पेटी कचऱ्यात जाते’ ही बातमी पेटीच्या आधी पोहोचली.

ऑक्टोबर २०२४मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत ट्रम्पची टपाली मतं फाडताना एक माणूस दाखवणारा व्हिडिओ आला. काउंटीने त्याच दिवशी सांगितलं, ही पाकिटं आमची नाहीत. दुसऱ्या दिवशी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने रशियाचं नाव घेतलं. इथे उपयोगी पडली ती एखादी महागडी एआय यंत्रणा नव्हे, आपलं पाकीट ओळखणारे कारकून.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हरमध्ये आणि ऑरेगनच्या पोर्टलँडमध्ये मतपेट्यांना आग लावली गेली. पोर्टलँडच्या पेटीतलं आग विझवणारं उपकरण चाललं, तीनच मतपत्रिका खराब झाल्या. व्हँकूव्हरच्या पेटीतलं चाललं नाही, शेकडो जळाल्या. लोकशाहीवरच्या भाषणांपेक्षा अशा उपकरणाच्या तपासणीची तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते.

परदेशी हाताची ताकद फुगवून सांगणं हेसुद्धा त्या हाताचंच काम करणं आहे. २०१८च्या मध्यावधी निवडणुकीच्या (म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीच्या) वेळी सेंट पीटर्सबर्गच्या त्याच मंडळींच्या नावाने ‘निकाल आमच्या मुठीत आहे’ अशी बढाई मारणारं संकेतस्थळ निघालं होतं. पुरावा शून्य, हेतू एवढाच की लोकांना तसं वाटावं.

फेब्रुवारी २०२५मध्ये एफबीआयचा परदेशी हस्तक्षेपावरचा खास गट बंद केला गेला. काउंट्यांना सायबर इशारे देणाऱ्या निवडणूक-सुरक्षा माहिती केंद्राचा केंद्रीय निधीही थांबला. ६ जानेवारीच्या सुमारे १,५०० आरोपींना त्याआधीच, २० जानेवारीला, माफी मिळाली होती. त्यात २२ वर्षांची शिक्षा झालेला प्राउड बॉइजचा म्होरक्याही होता. थोडक्यात, नोव्हेंबर २०२६ची मध्यावधी बरीचशी काउंटी कारकुनांच्या भरवशावर आहे.

त्यांनी करायचं ते फार नाही. कोणता गठ्ठा साधारण किती वाजता जाहीर होईल आणि त्यात अंदाजे किती मतं असतील, हे आठवडाभर आधी छापावं. खऱ्या पाकिटाचा फोटो आणि ओळखखुणा तयार ठेवाव्यात. यंत्रांची मतदानापूर्वीची चाचणी लोकांसमोर घ्यावी, आणि मतपत्रिकेत शेवटच्या क्षणी बदल झाला तर एकूण एक यंत्रात नवी मांडणी भरून ती चाचणी पुन्हा करावी. चूक झालीच तर तासाभरात स्वतःच सांगावी, कारणासकट. आणि पाहणाऱ्यांनी? व्हिडिओ आला की आधी काउंटीचं नाव शोधा, मग त्या काउंटीच्या अधिकृत पानावर जा. नाव नसलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका, ‘खरं आहे का हे?’ असं विचारण्यासाठीसुद्धा नाही.