पोटावर हात ठेवायला कोण शिकवणार?

दुपारी भाच्याचा फोन आला. सरकारी मेडिकल कॉलेजात थर्ड इयरला आहे. मेडिसिनच्या वॉर्डातली पोस्टिंग कशी झाली विचारलं, तर म्हणाला, "संपली गं आत्या. पण खाटेपाशी शिकवायची क्लिनिक दोनच झाली. सर एकटे, ओपीडीही त्यांचीच. स्प्लीन (पोटातली प्लीहा) कशी तपासायची ते मी यूट्यूबवर बघितलं."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

मी स्प्लीन शिकले ती एका ऊसतोड कामगाराच्या पोटावर. सरळ डाव्या बरगडीखाली बोटं खुपसली आणि "काही लागत नाही सर" म्हणून मोकळी झाले. सरांनी आधी दोन्ही तळवे चोळून गरम करायला लावले. मग माझा हात धरून पार खाली, उजव्या जांघेच्या वर नेऊन ठेवला. "मामा, मोठा श्वास घ्या." थोडं वर सरकल्यावर बोटांना कड लागली! स्प्लीन एवढी वाढलेली की मी तिच्यावरच हात ठेवून तिला शोधत होते. त्या एका खाटेपाशी सर तासभर उभे होते.

तो तास फुकट नव्हता. सरांचा पगार सरकारचा, खाट सरकारची, माझी फी नावापुरती. तुमच्या-माझ्या आईबापांनी भरलेल्या करातून तो तास आला. मुंबई महापालिका १९२६ पासून केईएम हॉस्पिटल आणि त्याचं जीएस मेडिकल कॉलेज चालवते, ती मुंबईकरांच्या पैशावरच ना?

आणि आता? ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एका दिवसात १० सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशीमला कॉलेज हवंच होतं, मान्य. पण शिकवणारी माणसं कुठून आणणार होतात? इन्स्पेक्शन आलं की या कॉलेजचे प्राध्यापक त्या कॉलेजात उभे करायचे, पथक गेलं की परत. पदं रिकामी, नाहीतर कंत्राटावर. एमबीबीएसच्या १०० जागांना ४२० खाटा लागतात, त्या मोजायला सगळे येतात. त्या खाटेपाशी पोरांना घेऊन कुणी उभं राहिलं का, हे कोण मोजतं? इमारतीला कोनशिला बसते, फीत कापता येते. सरांच्या त्या तासाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याला पैसा नाही! संताप येतो.

लोक म्हणतात, जनतेच्या पैशावर शिकून हे शहरात पळतात. पळतात, खरं आहे. शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायचा बाँड चुकवणारे मीही पाहिलेत. म्हणून उरलेल्यांना अर्धवट शिकवायचं? ही पोरं साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक वर्ष संपवून पीएचसीला, म्हणजे गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, जाणार आहेत. तिथे रात्री दोन वाजता यूट्यूब नाही, समोर पोट दुखणारी बाई असते.

त्या मामांचा चेहरा आज सारखा समोर येतोय. आम्ही दहा जण एकामागून एक त्यांचं पोट दाबत होतो. मला लाज वाटली, मी हात मागे घेतला. तर तेच म्हणाले, "शिकू द्या पोरीला, सर. उद्या आमच्यासारख्यांनाच बघायचंय तिला."

त्यांनी आपलं देणं दिलं. सरकारने त्या खाटेपाशी एक शिकवणारा माणूस द्यायला नको?

मी तालुक्याला प्रॅक्टिस करते. अजूनही पोट तपासण्याआधी तळवे चोळते.

भाच्याला म्हटलंय, रविवारी ये. माझ्याकडे स्प्लीन वाढलेला एक पेशंट येतो. पोरगा तपासेल, चालेल का, हे त्याला आजच फोन करून विचारते.