तोंडी बोला, लेखी मौन पाळा

अभिनंदन! लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झालात. मुलाखतीत पॅनेलने तुमचे मत विचारले, तुम्ही ते 'संतुलित' शब्दांत मांडले आणि त्याचे तुम्हाला गुण मिळाले. शासकीय सेवेत मत मांडल्याबद्दल गुण मिळण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. आता गावात फ्लेक्स लागला आहे, क्लासवाल्यांनी फेटा बांधून फोटो काढला आहे आणि सोमवारी तुम्ही रुजू होणार आहात. त्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या. त्या प्रशिक्षणात कोणी सांगणार नाही, कारण प्रशिक्षण देणाऱ्यांनाही अजून नोकरी करायची आहे.

पहिली परीक्षा आढावा बैठकीची. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली, प्लेटमध्ये दोन बिस्किटे आणि मोजून चार काजू. (साहेबांनी घेतल्याशिवाय काजूला हात लावू नये. हा नियम कुठल्याच नियमपुस्तकात नाही, म्हणून तो सगळे पाळतात.) पीपीटी संपते, दिवे लागतात आणि साहेब म्हणतात, "कोणाला काही शंका? मोकळेपणाने बोला." नवखा माणूस इथे हमखास फसतो. त्याला वाटते आपल्याला काहीतरी विचारले. जुनी मंडळी मात्र हे वाक्य कानावर पडताच डायरी मिटतात, पेनाला टोपण लावतात आणि खुर्ची हळूच मागे सरकवतात.

एका बैठकीत एका नव्या विस्तार अधिकाऱ्याने या क्षणी हात वर केला. "सर, शौचालयांचा आकडा मागच्या महिन्याचाच आहे. आणि तालुक्यात जेवढी कुटुंबं आहेत त्यापेक्षा शौचालयं जास्त दिसतायत."

निरीक्षण शंभर टक्के बरोबर होते. सभागृहात सगळ्यांना एकदम आपापला मोबाइल बघावासा वाटला. साहेब चिडले मात्र नाहीत. मोठे साहेब चिडत नसतात, त्या कामाला त्यांनी मधले साहेब ठेवलेले असतात. ते चक्क हसले. "व्हेरी गुड! अशीच तरुण मुलं पाहिजेत आपल्याला. असं करा, सगळ्या तालुक्यांचा डेटा तुम्हीच तपासा. यांना नोडल अधिकारी करून टाका हो." मधल्या साहेबांनी तत्परतेने लिहून घेतले. शौचालयांमागून त्या पोरावर वृक्षलागवड आली, मग ई-केवायसी, मग निवडणुकीचे काम. शौचालये निदान कागदावर जास्त होती. झाडे मोजायला गेला तर खड्डेही सापडेनात, आणि अहवाल तर द्यायचाच होता. पुढच्या बैठकीत साहेबांनी शंका विचारल्या तेव्हा सगळ्यात आधी डायरी त्यानेच मिटली. पोरगा हुशार, लवकर शिकला.

'बोलेल तो करेल काय' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रचणाऱ्याने कार्यालय पाहिलेले नसावे. इथे बोलेल त्यालाच करावे लागते.

तोंडाचे एवढ्यावर भागले. खरी जोखीम हाताला असते, कारण हात लिहितो. समजा तुमच्या टेबलावर एका रस्त्याच्या कामाचे बिल आले. तुम्ही जागेवर जाऊन आलात. रस्ता आहे, पण तो दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या योजनेतून झालेला. ठेकेदार तोच, लांबी तीच, फक्त लेखाशीर्ष नवे. आता टिपणीत काय लिहाल? 'काम झालेले नाही' असे लिहाल तर तुमचे काम झाले म्हणून समजा. काहीच न लिहिता सही ठोकलीत, तर उद्या चौकशीत तुम्ही पहिले. यावर आपल्या पूर्वसुरींनी एक शिल्प घडवून ठेवले आहे, ते पाठ करा:

'प्रस्तावासोबत सदर कामाच्या पूर्णत्वाचा दाखला आढळून येत नाही. तथापि, नियमोचित निर्णयास्तव सादर.'

याची कारागिरी पाहून घ्या. 'आढळून येत नाही'पर्यंत तुम्ही बोललात, 'तथापि'ला ते परत घेतलेत. पुढे प्रकरण पेटले तर पहिले वाक्य दाखवायचे, नाही पेटले तर दुसरे. दाखला मुळात नाहीच, की ढिगाऱ्यात कुठे दडला आहे, हेही तुम्ही कळू दिलेले नाही. तुमच्या वरचे लिहितील 'वरीलप्रमाणे'. त्यांच्या वरचे नुसती सही करतील. आणि त्यांच्याही वरचे हिरव्या शाईत दोन शब्द लिहितील: 'चर्चा करावी'.

मग चर्चा होते. दालनाचे दार लोटले जाते, शिपाई बाहेर स्टुलावर बसतो, आत आणखी कोण बसले आहे हे त्याला पक्के माहीत असते आणि तो कोणाला सांगत नाही. (या विषयातला खरा तज्ज्ञ तोच, शिकवणी लावायची तर त्याच्याकडे लावा.) अर्ध्या तासाने फाइल खाली येते आणि तुम्ही लिहिता, 'चर्चा केली. चर्चेनुसार प्रस्ताव मान्यतेस्तव फेरसादर.' काय चर्चा झाली, कोण काय म्हणाले, दाखला कुठून उगवला, यातले अवाक्षर कागदावर नाही. या राज्याच्या कारभारात जे काही खरे बोलले गेले आहे, ते सगळे 'चर्चा करावी' आणि 'चर्चा केली' यांच्या मधल्या पाऊण इंच कोऱ्या जागेत आहे. अभिलेख कक्षातली उंदरेही तेवढी जागा सोडून कुरतडतात म्हणे.

मध्यंतरी या व्यवस्थेवर एक संकट येऊन गेले. 2005 साली माहितीचा अधिकार आला आणि दहा रुपयांच्या अर्जावर कोणीही उठून टिपण्या मागू लागला. पण खाते डगमगले नाही. शिसपेन्सिलीचा भाव वाढला. वरचे साहेब समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात मत लिहीत, खालचा ते शाईने स्वतःचे म्हणून उतरवून काढी आणि खोडरबर फिरवी. पाठोपाठ पिवळ्या चिकटचिठ्ठ्या आल्या. त्या तर निघण्यासाठीच चिकटतात. आता ई-ऑफिस आले आहे, तिथे ना पेन्सिल चालते ना चिठ्ठी, प्रत्येक शब्दाला तारीख-वेळ लागते. म्हणून आता फोन येतो. साधा फोन नाही. "ठेव, मी व्हॉट्सअ‍ॅप कॉल करतो," असे साहेब म्हणाले की समजावे, आता जे कानावर पडेल तो शासनाचा खरा निर्णय.

तुम्ही अभ्यासू आहात, तेव्हा तुम्हाला प्रश्न पडेल की तोंडी आदेश लेखी मागता येत नाही का? येतो की! 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतच आहे की वरिष्ठांच्या निदेशावरून वागायचे तर तो शक्यतो लेखी घ्यावा. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकारी याच दुखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 31 ऑक्टोबर 2013 रोजी निकाल लागला: अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमावर काम करू नये, हुकूम नोंदवून ठेवावा. निकाल जरूर वाचा, प्रिंट काढा, ड्रॉवरमध्ये ठेवा. मग दालनात जाऊन म्हणा, "सर, हे जरा लेखी मिळालं असतं तर…" हे वाक्य 'असतं तर'च्या पुढे गेल्याचे अजून कोणी ऐकलेले नाही.

बदलीला भ्यायचे कारण नाही. 2005 च्याच बदल्यांच्या कायद्याने तुम्हाला एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे अभय दिले आहे. अपवाद करायचा तर कारण लेखी नोंदवावे लागते. 'प्रशासकीय निकड' हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो, तुम्हीच सांगा. तुकाराम मुंढे यांची दर वेळी बदली झाली की वर्तमानपत्रे आकड्यात एक मिळवून तीच बातमी पुन्हा छापतात. त्यांच्या नोकरीच्या वर्षांना त्या आकड्याने भागून पाहा. परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीत यापेक्षा अवघड गणित होते. आणि हे आयएएस अधिकाऱ्याचे झाले. तुमची बदली वर्तमानपत्रात येणार नाही, फार तर घरमालकाला कळेल.

आता एक परिच्छेद हसण्यावारी नेऊ नका. सत्येंद्र दुबे नावाचा आयआयटी कानपूरचा अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोन या चार महानगरे जोडणाऱ्या महामार्गाच्या झारखंडमधल्या कामावर होता. निकृष्ट काम आणि पैशांची अफरातफर त्याला दिसली आणि त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. माझे नाव गुप्त ठेवा, अशी विनंती त्यात होती. पत्र नावासकट टेबलाटेबलावरून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 च्या पहाटे गयेत त्याला गोळ्या घातल्या. वय अवघे तीस.

देशभर ओरड झाली. 2004 मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे काम दक्षता आयोगाकडे दिले. मग दहा वर्षे विचार करून संसदेने जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा मंजूर केला. मे 2014 मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कायदा छापला गेला, त्याची पुस्तके निघाली, स्पर्धा परीक्षेत त्यावर प्रश्न येतात, तुम्हीही एखादा सोडवला असेल. फक्त तो अमलात कधीपासून येणार याची अधिसूचना काही निघाली नाही. बोलणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाच इतकी वर्षे मूग गिळून बसला आहे, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा सेवेत कनिष्ठ आहात.

असो. सदासर्वकाळ गप्प बसायचे असाही गैरसमज नको. मुक्या माणसाबद्दल साहेबांना संशय येतो. वाढदिवसाला बोलावे, भरपूर बोलावे. बोहल्यावरच्या नवरदेवाचे करतात तसे साहेबांच्या निर्णयक्षमतेचे कौतुक करावे. कार्यालयाच्या ग्रुपवर रात्री पावणेअकराला 'उद्या सकाळी 9 पर्यंत माहिती सादर करावी' असे आले की तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला 'ओके सर' टाकावे. पहिला टाकणारा चमचा ठरतो आणि शेवटचा बंडखोर. अंगठा टाकू नये, तो फक्त साहेबांनी टाकायचा असतो. घरी येऊन फेसबुकवर मोकळे व्हावे म्हणाल, तर जुलै 2025 मध्ये सामान्य प्रशासन विभागाने त्याचीही सोय केली आहे: शासनाच्या धोरणावर समाजमाध्यमात प्रतिकूल टीका करू नये. फुलांचे फोटो टाकावेत. फुलांबाबत अद्याप काही निघालेले नाही.

आणि आपला घसा बिघडला आहे असे मुळीच समजू नका. मार्च 2023 मध्ये लाखो राज्य कर्मचारी आठवडाभर संपावर होते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' या घोषणेने जिल्हाधिकारी कार्यालयांच्या काचा हादरत होत्या. त्या गर्दीत सगळ्यात खणखणीत आवाज ज्यांचा होता, त्यातले बरेच जण मी आढावा बैठकीत वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यांना आवाज आहे हेच मला तेव्हा कळले. मागणी रास्त होती, त्यावर माझे दुमत नाही. शौचालयांच्या आकड्यावर तीच मंडळी डायरी का मिटतात, हे विचारावेसे वाटले होते. पण घोषणा फार मोठ्याने चालल्या होत्या.

शेवटी निवृत्ती. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि माइक मिळतो. तीस वर्षे साठलेले त्या दिवशी वर येते, माणूस पाऊण तास बोलतो आणि पार तळाशी जातो. हा मोह आवरा. ना-देय प्रमाणपत्र अजून हातात आलेले नसते आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) फाइल ज्यांच्या टेबलावर आहे, ते तुमच्याच भाषणाला समोर बसलेले असतात. शिवाय 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला 27 वा नियम वाचून ठेवा. घरी बसल्यावरही चौकशी लागू शकते, फक्त ती ज्या घटनेबद्दल असेल ती चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणजे हिशेब सोपा आहे: निवृत्तीनंतर चार वर्षे रोज सकाळी फिरायला जा, ज्येष्ठ नागरिक संघात कॅरम खेळा, हवापाण्यावर बोला. पाचव्या वर्षी आत्मचरित्र काढा. त्या बिलाचे प्रकरण त्यात घ्याच, आणि बिनधास्त लिहा की 'मी तेव्हाच साहेबांना तोंडावर सुनावले होते.' प्रकाशनाला अध्यक्ष म्हणून त्याच साहेबांना बोलवा. ते येतील. पुस्तक चाळून त्या पानावर क्षणभर थांबतीलही, पण काही बोलणार नाहीत. त्यांचेही पुस्तक छपाईला गेलेले असते.