तळातला खोका का चेपला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुठ्ठ्याच्या खोक्यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया झोंबली. त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून जरा जास्तच. ‘पुठ्ठ्याच्या खोक्याचं एवढं कौतुक कशाला? ओल लागली की लगदा, थप्पी लावली की तळातले खोके चेपतात, झाडं तुटतात ती वेगळीच. त्यापेक्षा प्लास्टिकचा क्रेट वर्षानुवर्षं चालतो,’ असं तुम्ही लिहिलंत.

ओलीचं मान्य. मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकलं, ही माझी चूक. खोका पावसात भिजायलाच हवा असं नाही; दमट गोदामात नुसता पडून राहिला तरी कागद हवेतली ओल ओढून घेतो आणि भार पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

चेपण्याचा दोष मात्र मी सरसकट खोक्यावर टाकणार नाही. खोक्याच्या भिंतीतल्या पन्हळी, म्हणजे आतल्या कागदाच्या लाटांसारख्या घड्या, उभ्या असतात, आणि वरचा बहुतेक भार चार कोपरे पेलतात. भिंतीचा मधला भाग ओझं आलं की बाहेर फुगतो, त्याच्यावर फार विसंबता येत नाही. आता आपण करतो काय, तर विटा रचतात तसे सांधे चुकवत खोके रचतो. थप्पी हलत नाही, दिसायलाही झकास. पण वरच्याचा कोपरा खालच्याच्या नेमक्या कमकुवत जागी टेकतो. मीही हे केलंय आणि तळातली अख्खी रांग गमावलीय. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ थप्पी लावायची आणि ती पट्टीने किंवा फिल्मने आवळायची. खोका पॅलेटच्या, म्हणजे थप्पीखालच्या फळ्यांच्या चौकटीच्या, कडेबाहेर दोन बोटं लोंबकळला, तरी त्या बाजूचे कोपरे अधांतरी राहतात. शिवाय कागद सततच्या ओझ्याखाली हळूहळू नमतो. आज ताठ दिसणारी थप्पी महिन्याभराने वाकू शकते.

‘थ्री प्लाय (दोन सपाट कागदांमध्ये एक पन्हळी कागद) घेतला की झालं’ असं म्हणतात, तेही खरं नाही; पन्हळ कोणती, म्हणजे फ्लूट कोणता, तेही बघावं लागतं. बी फ्लूटची पन्हळ साधारण ३ मिमी उंच, सी फ्लूटची ४ मिमीच्या आसपास. बारीक पन्हळ दाबाने सहजी सपाट होत नाही, उंच पन्हळ थप्पीला बरी. गंमत म्हणजे १८५६ साली इंग्लंडमध्ये पन्हळी कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते टोपीच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने तो काचेच्या बाटल्यांभोवती गुंडाळायला सुचवला. थप्प्यांचा भार नंतर आला.

क्रेटबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. रिकामे क्रेट त्याच गाडीने परत येत असतील, तर क्रेटच घ्या. माल एकदाच, लांब जाणार असेल तर ते परत आणणार कोण? पुठ्ठ्याचे खोके घडी घालून सपाट येतात, हलके असतात. परदेशी पाठवताना लाकडी खोक्याला कीड मारण्यासाठी आयएसपीएम १५ नियमाखाली उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया लागते, पुठ्ठ्याला ती लागत नाही.

झाडांचं म्हणाल, तर जुन्या खोक्यांच्या लगद्यापासूनच बरेचसे नवे खोके बनतात. दर फेरीत तंतू आखूड होतात, म्हणून थोडा ताजा लगदा मिसळावा लागतो. ओल रोखायला मेण चढवलेला खोका मात्र या फेऱ्यात नीट बसत नाही. तिथे तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे.

एक विचारायचं राहिलं. तुमचे तळातले खोके चेपले तेव्हा थप्पी सरळ होती की विटांसारखी? आणि खोक्यात वर मोकळी जागा होती का? कळवलंत तर पुढचं नेमकं बोलता येईल.