खुलासा : चिठ्ठ्यांत गडबड झालेली नाही

गड्ड्याच्या यात्रेत पाणी वाटायला तिघं हवे होते. नावं आली दहा. सहा पुढच्या गल्लीतली, चार मागच्या. चिठ्ठ्यांत तिघंही पुढच्या गल्लीचे निघाले. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की असं घडायची शक्यता 720 मध्ये एक, म्हणजे नावं आधीच ठरलेली होती.

हे साफ चूक आहे. चिठ्ठ्या एका लहान पोरीनं काढल्या, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटतं. शेंगाचटणीचा धुतलेला डबा, एकाच वहीचे कागद, सारख्या घड्या. डबा सगळ्यांसमोर हलवला होता.

720 हा आकडा 10 × 9 × 8 असा आलाय. पण त्यात क्रम धरलाय. तेच तिघं सहा वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात, आणि पाणी वाटायला आधी कोण निघालं याला काय अर्थ? म्हणून 720 भागिले 6, एकूण गट 120.

आता खरी चूक. 720 मध्ये एक ही शक्यता ठरावीक तिघं ठरावीक क्रमानं निघण्याची. आपला प्रश्न आहे, पुढच्या गल्लीतले कुठलेही तिघं. सहांतून तिघं निवडायचे तर 6 × 5 × 4 भागिले 6, म्हणजे 20 गट. 120 पैकी 20. सहात एक! फासा टाकल्यावर सहा पडावेत, तितकंच साधं.

मागच्या गल्लीचा एक तरी हवा, ही मागणी रास्तच आहे. पुढच्या वर्षी दोन गल्ल्यांचे दोन डबे ठेवू, मीच बैठकीत मांडतो. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.