दोन पीडीएफ जोडायला परक्याचं दार का?

कुठलाही अर्ज भरा, तेच: ‘सर्व कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये जोडा.’ जोडा कशाने? विंडोजमध्ये ती सोयच नाही! २०१५ साली विंडोज १० बरोबर ‘प्रिंट टू पीडीएफ’ आलं. फोटो एकत्र निवडून प्रिंट दिली की त्यांची एक फाइल होते. पण तयार दोन पीडीएफ जोडायच्या म्हटलं की हात वर. मॅकवर सोबतच येणाऱ्या प्रिव्ह्यू अ‍ॅपमध्ये बाजूच्या पट्टीतली छोटी पानं एका फाइलमधून दुसरीत ओढली की काम झालं. आपल्याकडे मात्र लोक आधार, पॅन, पासबुक, सगळं कुठल्यातरी फुकट्या वेबसाइटवर बिनधास्त चढवतात. अहो, कुणाच्या सर्व्हरवर गेलं ते? कधी पुसणार? डोकं फिरतं नुसतं! एवढं साधं बटण द्यायला काय जातं या विंडोजवाल्यांचं?