चिंतेत माणूस उलट जास्तच विचार करतो: या आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. चिंता माणसाला सवयीच्या वागण्यात अडकवते आणि कामं लांबवते, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत: चिंतेतला माणूस सवयीने वागत नाही, उलट नको तितका विचार करतो, आणि चिंताच नसेल तर कामं व्हायचीच नाहीत.

पहिल्या मुद्द्यात तात्पुरता ताण आणि चिंताळू स्वभाव यांची गल्लत होते. श्वाबे आणि वोल्फ या संशोधकांनी २००९ मध्ये काही जणांना ताण देऊन दोन कृती शिकवल्या. प्रत्येकीचं बक्षीस वेगळा खाऊ. मग एक खाऊ पोटभर खायला घातला. ताण न दिलेल्यांनी त्या खाऊची कृती कमी केली, ताणातले मात्र ती करतच राहिले, म्हणजे बक्षीस नकोसं झालं तरी सवयीने. पण हे झालं ताणाचं. संशोधक गिलन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या मोठ्या ऑनलाइन अभ्यासात विचारपूर्वक निवडीतली कमतरता सक्तीच्या वागण्याशी (तेच तेच करत राहण्याची अनावर ओढ) आणि मनात घुसणाऱ्या विचारांशी जोडलेली दिसली, चिंता-नैराश्याशी नाही. म्हणजे चिंताळू माणसाची योजना आखण्याची क्षमता शाबूत असू शकते.

मग बिघडतं काय? उद्दिष्टच बदलतं. अर्ज पाठवायचा असतो. मसुदा चौथ्यांदा वाचला जातो, एक शब्द बदलला जातो, ‘उद्या ताज्या डोळ्यांनी बघू’ म्हणून संगणकावरची खिडकी बंद होते. त्या क्षणी छातीतली धडधड उतरते, आणि ते उतरणं हेच बक्षीस ठरतं. पुढच्या वेळी खिडकी आणखी लवकर बंद होते. विचार भरपूर झालेला असतो, पण अर्ज पुढे नेणारा नव्हे, सुटका मिळवून देणारा.

ओळखायचं कसं? स्वतःला विचारा: ‘ही धाकधूक आत्ता आपोआप गेली, तर मी हेच करत राहीन का?’ बक्षिसाची किंमत काढून घेऊन कृती टिकते का ते पाहायचं, वरच्या प्रयोगातल्यासारखंच. उत्तर ‘नाही’ आलं, तर आणखी माहिती गोळा करण्याआधी लिहून काढा: काय कळलं तर माझा निर्णय बदलेल? काहीच सुचत नसेल तर शोध तिथेच थांबवा. मग ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं एक वाक्य ठरवा. इथे बहुतेकांचं चुकतं. ‘शांत वाटलं की पाठवीन’ असं लिहिलं की सूत्रं पुन्हा धाकधुकीच्याच हातात जातात. अट डोळ्यांना दिसणारी हवी: ‘मसुदा दुसऱ्यांदा वाचून संपला की पाठवीन.’

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. परीक्षा उद्यावर आली की चिंता अभ्यासाला बसवते, कारण तिथे सुटकेची वाट अभ्यासातूनच जाते. नोकरी बदलणं, तपासणी करून घेणं, अवघड बोलणं काढणं यांना तारीख नसते. तिथे टाळणं हीच सर्वांत जवळची सुटका, आणि चिंता जितकी जास्त तितकं टाळणं अधिक गोड. म्हणून ‘चिंतेमुळे माझी कामं होतात’ हे तपासताना वेळेत झालेली कामं मोजू नका. वर्षभर तशीच पडून राहिलेली काढा, आणि धाकधूक गेली तर काय, हा वरचा प्रश्न त्यांच्याबद्दल विचारा.