खेळ हवाच, पण तोंड उघडायला लावणारा

महाराष्ट्रातल्या माझ्या शिक्षक मैत्रिणींमध्ये सध्या एक वाद रंगलाय. इंग्रजीच्या तासाला मुलांना पॉइंट्स, बॅज, लीडरबोर्ड (कोण पुढे, कोण मागे हे दाखवणारा फलक) द्यावेत की नाही? एक बाजू म्हणते, पॉइंट्स सुरू केले आणि मागच्या बाकांवरचे हातही वर यायला लागले. दुसरी म्हणते, हे नुसते लाड आहेत, उद्या स्टार मिळाला नाही तर पोरं वही उघडणार नाहीत. मी नॉर्वेत राहते आणि इथल्या प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून इंग्रजीच्या तासाला जाते. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचंय: त्या खेळात मूल इंग्रजी किती बोलतं?

पहिल्या बाजूच्या बोलण्यात कहूटचं, म्हणजे स्क्रीनवर खेळायच्या प्रश्नमंजुषेचं, नाव हमखास येतं. ते नॉर्वेतलंच. त्रोन्डहाइमच्या विद्यापीठातल्या कामातून ते निघालं आणि २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्गात ते लागलं की मुलं अक्षरशः उड्या मारतात, हे मी पाहते. पण त्याची रचना नीट बघा. लाल त्रिकोण, निळी पत्त्यांतल्यासारखी चौकट, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस. त्यातलं एक दाबायचं. जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण, एका प्रश्नाला हजारापर्यंत. शब्दांची उजळणी याने झकास होते. मात्र पूर्ण खेळ संपेपर्यंत एकाही मुलाला इंग्रजीत वाक्य जुळवावं लागत नाही. आणि ज्याला प्रश्न वाचायलाच वेळ लागतो, तो पहिल्या फेरीपासून मागे.

दुसऱ्या बाजूची भीतीही निराधार नाही. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगून प्रशस्तिपत्रक दिलं, तर पुढे ती मुलं आपणहून कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक न सांगता, अचानक मिळालं, त्यांची आवड टिकली. पण इथे आधी आवड होती, हे विसरू नये. ज्या मुलाला इंग्रजीची धास्तीच आहे, त्याची कुठली आवड बक्षिसाने मरणार? त्याला त्रास होतो तो स्वतःचं नाव सगळ्यांसमोर तळाला दिसण्याचा.

नॉर्वेत सातवीपर्यंत मुलांना गुण किंवा श्रेणी देत नाहीत. त्यामुळे इथे लीडरबोर्डवर खाली राहिलेलं मूल मधल्या सुट्टीत ते विसरूनही जातं. आपल्याकडे घरीदारी आधीच नंबर विचारला जातो. तोच फलक तिथे आणखी एक परीक्षा होऊन बसतो. म्हणून 'नॉर्वेत चालतं' एवढ्यावर तो उचलू नये. शिवाय इथल्या मुलांच्या कानांवर टीव्हीवरून आणि व्हिडिओ गेममधून इंग्रजी सतत पडत असतं. त्याचं श्रेय शाळेतल्या खेळांना देणं मला पटत नाही.

उचलण्यासारखं आहे ते वेगळंच. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकीच्या हातात घराचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. तिने इंग्रजीत सांगायचं, त्याने काढायचं. परवा एका मुलीला धुरांड्याचा शब्द आठवेना. ती थांबली, मग म्हणाली, "द स्मोक गोज आउट हिअर, ऑन टॉप." मुलाने विचारलं, "बिग ऑर स्मॉल?" तिथे कुणी गुण देत नव्हतं. चित्र पुरं करायचं तर बोलणं भागच होतं. याला मी भाषेचा खेळ म्हणेन.

याला स्क्रीन लागत नाही, वर्ग मोठा असला तरी जोड्या पाडता येतात. गलका होतो हे खरं. शिक्षकाने फिरून कान द्यावा आणि गलका इंग्रजीत आहे ना, एवढं बघावं.

पॉइंट्स द्यायचेच असतील तर जोडीला द्यावेत, वेगासाठी मुळीच नकोत. आणि पहिला पॉइंट, "आय डिडन्ट अंडरस्टँड, से इट अगेन" असं न लाजता म्हणणाऱ्या मुलाच्या जोडीला द्यावा, असं मी मैत्रिणींना कळवलंय.